वाटेवरच्या माणसांचे ईशज्ञान

ईशज्ञान म्हणजे श्रद्धेने स्वीकारलेल्या सत्यांचा शिस्तबद्ध विचार, आणि पालकीय सेवा म्हणजे धर्मगुरू व श्रद्धावंतांचा समुदाय यांनी माणसांना त्यांच्या प्रत्यक्ष जगण्यात दिलेली साथ. कॅथलिक शिक्षणात या दोन गोष्टी दीर्घकाळ वेगवेगळ्या दालनांत शिकवल्या गेल्या आणि स्थलांतरितांचा प्रश्न दुसऱ्या दालनात, तोही धर्मप्रांताच्या कारभारातील एक तपशील म्हणून, ठेवला गेला. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत हा विषय तिथून उठून पहिल्या दालनात आला आणि ईश्वर, मानव व ख्रिस्तसभा यांच्याविषयीच्या मूलभूत विचारालाच प्रश्न विचारू लागला. हा प्रवास सावकाश झाला, आणि अभ्यासक्रमापर्यंत तो पोचायला तर फारच वेळ लागला.

त्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या इटलीत शोधावी लागते. १८७६ ते १९१५ या चाळीस वर्षांत सुमारे १ कोटी ४० लाख इटालियन माणसे देशाबाहेर गेली. त्यांत कर्जबाजारी शेतकरी आणि भूमिहीन मजूर यांचा भरणा मोठा होता, आणि त्यांची वाट ब्राझीलच्या कॉफीमळ्यांत किंवा न्यूयॉर्कच्या कोंदट चाळींत संपत होती. पियाचेंझा धर्मप्रांताचे बिशप जोव्हान्नी बात्तिस्ता स्कालाब्रिनी यांना गावोगावच्या पहिल्याच भेटीत आपल्या धर्मप्रांतातील सुमारे २८ हजार माणसे परागंदा झाल्याचे आढळले. पुढे मिलानच्या रेल्वेस्थानकात गाठोडी उराशी धरून बसलेली तीन-चारशे माणसे त्यांनी पाहिली. म्हातारे, बायका आणि लेकुरवाळी कुटुंबे त्यांत होती. १८८७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तिकेत त्यांनी हे दृश्य नोंदवले, आणि त्याच वर्षी परदेशी गेलेल्या इटालियनांच्या सेवेसाठी धर्मगुरूंचा एक संघ स्थापन केला. गरिबांना खोटी आमिषे दाखवून जहाजात कोंबणाऱ्या दलालांवर त्यांनी जाहीर कोरडे ओढले आणि सरकारकडे कायद्याची मागणी केली. याच बिशपांनी १८८९ साली पियाचेंझा येथे धर्मशिक्षणाची पहिली राष्ट्रीय परिषद भरवली होती, ही गोष्ट सहसा नजरेआड होते. ज्याला शिक्षणाची तळमळ होती त्यालाच स्थलांतरितांची हाक ऐकू आली, याला योगायोग म्हणून सोडून देणे बरोबर नाही. आपण शिकवलेली श्रद्धा समुद्रापार टिकते की नाही, हा शिक्षकाचाच प्रश्न होता.

त्या काळातील विचाराचा गाभा संरक्षणाचा होता. परक्या देशात, परक्या भाषेत माणूस प्रार्थनेपासून तुटतो, म्हणून त्याच्या भाषेचा धर्मगुरू त्याच्यामागे पाठवावा, अशी ती मांडणी होती. पोप दहावे पायस यांनी १९१२ साली रोममध्ये या कामासाठी वेगळे कार्यालय उघडले आणि १९१४ साली इटालियन स्थलांतरितांकडे जाणाऱ्या धर्मगुरूंच्या प्रशिक्षणासाठी महाविद्यालय स्थापले, तेही याच भूमिकेतून. आजच्या अभ्यासकांना ही भूमिका संकुचित वाटते, कारण तिच्यात स्थलांतरित हा केवळ जपण्याची ठेव ठरतो, त्याचे स्वतःचे काही म्हणणे असते याची दखल नसते. टीका रास्त आहे. तरीही पापनिवेदन आपल्या बोलीत करता येणे आणि मृत्युशय्येवर आईच्या भाषेतली प्रार्थना कानी पडणे, ही दिवसभर परक्या भाषेत राबणाऱ्या माणसाच्या लेखी लहान गोष्ट नव्हे.

मुंबईच्या धोबीतलावातील गोवेकरांच्या कुडी या संदर्भात मुद्दाम पाहण्यासारख्या आहेत. कूड म्हणजे एकेका गावाने मुंबईत चालवलेले बिऱ्हाड. बोटीवर नोकरी शोधणारा खलाशी, आचारी किंवा वादक अत्यल्प भाड्यात तिथे उतरत असे. भिंतीला लागून ओळीने मांडलेल्या पेट्या, त्यांच्याजवळच रात्री अंथरायची जागा, समोर गावच्या आश्रयदात्या संताची वेदी, संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणायची रोझरी आणि वर्षातून एकदा गावच्या फेस्ताचा सोहळा, असा तिथला क्रम होता. ही व्यवस्था कोणत्याही सेमिनरीने आखून दिलेली नव्हती. ती प्रापंचिकांनी, म्हणजे दीक्षा न घेतलेल्या साध्या श्रद्धावंतांनी, स्वतःच्या गरजेतून उभी केली होती. निवारा, कामाची खबर, आजारपणातली सोबत आणि प्रार्थना या चारही गोष्टी तिने एका छताखाली आणल्या. पालकीय सेवेचे जे सिद्धांत पुढे विद्यापीठांतून मांडले गेले, त्यांतील बरेचसे इथे आधीच आचरणात होते, आणि म्हणून कुडींचा इतिहास हा समाजशास्त्राइतकाच ईशज्ञानाच्या अभ्यासाचाही ऐवज मानला पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धाने कोट्यवधी लोकांना बेघर केल्यावर बाराव्या पायस यांनी १ ऑगस्ट १९५२ रोजी ‘एक्सुल फामिलिया’ हा दस्तऐवज प्रसृत केला. हेरोदाच्या भयाने इजिप्तला पळालेले नाझरेथचे पवित्र कुटुंब हे सर्व काळांतील निर्वासित कुटुंबांचा आदर्श व आधार होय, असे त्यात म्हटले होते. सेवेला येथे प्रथमच पक्के शास्त्रवचनीय अधिष्ठान मिळाले. नियम मात्र जुन्याच धाटणीचे राहिले: परभाषी धर्मगुरूचा अधिकार स्थलांतरित आणि त्यांची थेट पुढची पिढी यांच्यापुरता मर्यादित होता, जणू त्यानंतर परकेपणा आपोआप संपतो. पुढे तेविसाव्या योहान यांनी १९६३ च्या ‘पाचेम इन तेर्रिस’ या परिपत्रकात देश सोडण्याचा व दुसऱ्या देशात वसण्याचा हक्क मानवी हक्कांत गणला, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली बिशपांना स्थलांतरितांची विशेष काळजी वाहण्यास सांगितले. १९६९ च्या नव्या सूचनांनी पिढीची ती अट सैल केली. दयेच्या भाषेला आता हक्काच्या भाषेची जोड मिळाली होती.

खरे वळण मात्र रोमच्या बाहेर आले. टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे व्हर्जिलियो एलिझोंदो यांनी १९७२ साली मेक्सिकन-अमेरिकन लोकांसाठी सांस्कृतिक व पालकीय शिक्षणाचे केंद्र उभारले, आणि १९८३ च्या आपल्या ग्रंथात येशूच्या गालीलीपणाचा प्रश्न घेतला. गालील हा सरमिसळ वस्तीचा, यरुशलेमच्या विद्वानांनी कमी लेखलेला सीमाप्रदेश होता आणि तारणाची वार्ता तिथूनच निघाली. तेव्हा मेक्सिको व अमेरिका या दोन्ही देशांनी अर्धवट मानलेली सीमेवरची मिश्र माणसे ही ईश्वराच्या कार्याची जागा असू शकतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. येथे प्रश्नाची दिशाच फिरली. स्थलांतरिताला काय द्यावे हे विचारणारी ख्रिस्तसभा त्याच्याकडून काय शिकावे हे विचारू लागली. व्हिएतनाममधील सायगावच्या पाडावाच्या काळात, १९७५ साली, निर्वासित होऊन अमेरिकेत आलेले पीटर फान यांनी हा विचार आणखी पुढे नेला आणि प्रत्यक्ष ईश्वरालाच स्थलांतरित म्हटले, कारण निर्मिती आणि देहधारण या दोन्हींत तो स्वतःची सीमा ओलांडतो. डॅनियल ग्रूडी यांनी मेक्सिकोच्या सीमेवरील माणसांच्या सहवासातून, माणूस हा देवाच्या प्रतिमेत घडलेला आहे या जुन्या सिद्धांताला ‘बेकायदा’ या शिक्क्यासमोर उभे केले. गेमा तुलुद क्रूझ यांनी हाँगकाँगमधील फिलिपिनो घरकामगार स्त्रियांचा अभ्यास केला. सुट्टीच्या रविवारी चौकात पुठ्ठे अंथरून एकत्र जेवणाऱ्या, गाणाऱ्या आणि प्रार्थना करणाऱ्या या स्त्रिया मालकाच्या घरात हरवलेली आपली प्रतिष्ठा तिथे परत मिळवतात, आणि तिथे ईशज्ञानाला नवे शब्द मिळतात.

या उंच विचाराला एक धोका आहे. देव स्थलांतरित, ख्रिस्तसभा यात्रेकरू, सगळेच या जगात वाटसरू, असे म्हणत गेले की ज्याचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात अडकला आहे त्या माणसाचे दुःख रूपकात विरून जाते. यात्रेकरूला परतीची वाट मोकळी असते, कर्जावर व्हिसा घेतलेल्या मजुराला ती नसते, आणि हा फरक पुसणारे ईशज्ञान कितीही सुंदर असले तरी ते अपुरे आहे. येथेच पालकीय सेवा ईशज्ञानाला जमिनीवर ठेवते. आखाती देशांतील ख्रिस्तसभेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. दक्षिण अरेबियाच्या धर्मक्षेत्रातील जवळजवळ सर्वच कॅथलिक परदेशी आहेत, त्यांत भारतीय व फिलिपिनो बहुसंख्य आहेत, आणि दुबईच्या सेंट मेरीज चर्चमध्ये कोकणीतूनही मिस्सा होते. यजमान ख्रिस्तसभेने पाहुण्याचे स्वागत करावे, ही नेहमीची शिकवण तिथे लागूच पडत नाही, कारण तिथे यजमान आणि पाहुणा दोघेही परके असतात आणि कोणी किती काळ राहायचे हे नोकरी ठरवते. अशा ठिकाणी धर्मग्राम म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचे उत्तर कायम वस्ती गृहीत धरणाऱ्या पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

शिक्षणाने या घडामोडींची दखल उशिरा घेतली. भावी धर्मगुरूंच्या घडणीत स्थलांतरितांच्या सेवेचा अंतर्भाव करावा, असे पत्र व्हॅटिकनच्या शिक्षणखात्याने १९८६ साली सेमिनरींना धाडले. २००० साली रोमच्या उर्बानियाना विद्यापीठाच्या ईशज्ञान विद्याशाखेत स्कालाब्रिनी यांच्या संघाची संस्था सामील झाली आणि मानवी स्थलांतराच्या ईशज्ञानात उच्च पदवीपर्यंतचा अभ्यास खुला झाला. ‘एर्गा मिग्रांतेस’ या २००४ च्या दस्तऐवजाने सेमिनरींकडे १९८६ चीच मागणी पुन्हा केली. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली लांपेदुसा बेटावर बुडालेल्या निर्वासितांसाठी मिस्सा अर्पण करून, आणि स्वागत, संरक्षण, उन्नती व समावेश ही चार सूत्रे देऊन, या विषयाला ख्रिस्तसभेच्या बोलण्याच्या केंद्रस्थानी आणले. २०२२ साली स्कालाब्रिनी संत घोषित झाले.

पुण्याचे पेपल सेमिनरी, गोव्यातील राशोल, मुंबईतील सेंट पायस ही गुरुविद्यालये अशा प्रदेशात उभी आहेत, जिथून माणसे आखातात व युरोपात जातात आणि जिथे झारखंड, ओडिशा, छत्तीसगडहून आदिवासी मुली घरकामाला येतात. त्यांतील अनेक कॅथलिक आहेत, आणि महिन्यातून एखाद्या रविवारी सुट्टी मिळाली तर चर्चच्या मागच्या बाकावर बसून न कळणाऱ्या भाषेतली मिस्सा ऐकतात. गुरुविद्यालयांनी स्थलांतराचा अभ्यास ऐच्छिक ठेवू नये. ईशज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो करावा, त्यातील एक पूर्ण सत्र या मुलींच्या आणि बांधकामावरच्या मजुरांच्या वस्तीत काढावे, सादरी किंवा ओडिया शिकावी, आणि त्यानंतरच प्रबंधाचा विषय निवडावा.