बाप्तिस्म्यानंतरचा पालट

ख्रिस्ती परंपरेत मनाचा पालट अनेकदा दुसऱ्या कोणाच्या पालटाची हकिकत ऐकून किंवा वाचून सुरू झालेला दिसतो. 386मध्ये मिलान येथे ऑगस्टीनने इजिप्तमधल्या अँथनीच्या वैराग्याची कथा ऐकली आणि त्याच दिवशी बागेत त्याचा वर्षानुवर्षांचा झगडा संपला. 1521मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत जायबंदी झालेल्या इग्नेशियसला अंथरुणावर वाचायला शौर्यकथा हव्या होत्या. घरात होती ती ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रे. पुढचा सारा इग्नेशियस त्या वाचनातून घडला.

बुलढाणा जिल्ह्यात अशी चरित्रे दोन वाटांनी पोचतात. कॅथलिक कुटुंबे 1955मध्ये स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात मोडतात. ती संतांचे सण पाळतात, त्यांची मध्यस्थी मागतात. खामगाव-बुलढाणा भागात अलायन्स मिशनच्या कामातून उभ्या राहिलेल्या मंडळ्या प्रॉटेस्टंट आहेत. तिथे प्रार्थना संतांकडे वळत नाही, पण विश्वासणाऱ्याने आपल्या जीवनात देवाने काय केले याची साक्ष देण्याला मोठे मोल आहे. दोन्ही वाटांच्या वाचकाला सर्वांत जास्त शिकवणारे चरित्र मात्र मराठी मातीतलेच आहे: पंडिता रमाबाईंचे.

रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे झाला. त्याआधी फादर नेहेम्या गोरे यांच्या लेखनाने त्यांच्या बुद्धीला धक्का दिला होता. स्वतः गोरे हे 1848मध्ये ख्रिस्ती झालेले शास्त्री होते. बुद्धी डळमळली ती गोऱ्यांमुळे. हृदय हलले ते लंडनच्या फुलहॅमला. तिथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या धर्मभगिनी त्यांनी पाहिल्या आणि ही दया कुठून येते असे विचारले. उत्तरादाखल त्यांना ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीचा प्रसंग वाचून दाखवण्यात आला. तरीही बाप्तिस्म्यानंतर त्रैक्याच्या सिद्धांतावरून त्यांनी आपल्याला शिकवणाऱ्या धर्मभगिनींशी कडाक्याचा वाद घातला. न पटलेले मान्य करायला त्या तयार नव्हत्या. चरित्रकार असे वाद पुष्कळदा गाळतात. त्यामुळे श्रद्धा म्हणजे प्रश्नांचा अभाव असा चुकीचा धडा वाचक घेतो.

पुढचा टप्पा त्याहून महत्त्वाचा आहे. बाप्तिस्म्याला आठ वर्षे उलटल्यावर रमाबाईंना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. ही जाणीव तीव्र झाली तीही एका चरित्राच्या वाचनाने. विल्यम हॅस्लम हा इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा धर्मगुरू. स्वतःच प्रवचन देत असताना त्याचा पालट झाला. धर्मोपदेशकालाही पालटाची गरज असू शकते, हे त्याच्या आत्मकथनातून रमाबाईंना उमगले. धर्म स्वीकारणे आणि देवाला शरण जाणे यांतले अंतर त्यांनी 1907च्या आपल्या साक्षीत जितक्या स्पष्टपणे मांडले, तितक्या स्पष्टपणे फार थोड्या संतांनी मांडले आहे.

लक्ष्मीबाई टिळकांचा पालट आणखी वेगळा. त्यांच्या पतीने, नारायण वामन टिळकांनी, 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्या सोबत नव्हत्या; काही वर्षे दोघे वेगळे राहिले. ‘स्मृतिचित्रे’ या लक्ष्मीबाईंच्या आत्मचरित्रात दिसते की त्यांच्यात बदल झाला तो धर्मशास्त्राच्या वादातून नव्हे. सोवळे-ओवळे सुटत गेले, जात माणसाने केली हे मनाला पटले आणि मग इतरांच्या हातचे पाणी चालू लागले. पतीचा विश्वास आपोआप त्यांचा झाला नाही, आणि त्यांनी तसा तो घेतलाही नाही.

श्रद्धा पुढे कुठे दिसते, याचे उत्तरही रमाबाईंच्या आयुष्यातच मिळते. किशोरवयात दुष्काळात आईवडील गमावलेल्या या बाईने 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली-विधवांना आणले. त्यांचे केडगावचे मुक्ती मिशन त्यातून वाढले. संस्कृतात पारंगत असलेल्या रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि साध्या बायकांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणण्याचे काम हाती घेतले. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या, त्याच्या थोडेच आधी हे भाषांतर पुरे झाले होते. त्याची छपाई मुक्तीच्या छापखान्यात तिथल्या स्त्रियांच्या हातून झाली. अँग्लिकन परंपरेच्या स्मरणदिनांत आज रमाबाईंचे नाव आहे.