पाचवं शील आणि रिंकवरच्या अवांतर गप्पा





या महिन्याची देसना पाचव्या शीलावर आहे. पण सुरुवात विहारातून न करता हॉकीच्या रिंकपासून करतो, कारण आपल्यातली बरीच मंडळी हिवाळ्यातली शनिवार सकाळ तिथेच काढतात. कॅनडात मुलं वाढवायची म्हटली की हॉकी चुकत नाही. आपण लहानपणी पाहिलेली हॉकी मैदानावरची, इथली बर्फावरची. मुलं आत धडपडत असतात आणि आईबाप काचेच्या अलीकडे हातात कॉफी घेऊन, पाय आपटत उभे असतात. मोठ्या संघांचे हे सगळे निष्ठावंत चाहते. पण तासभर त्यांचं बोलणं ऐका. हॉकीवर दहा मिनिटं, बाकी सगळं अवांतर. हिवाळी टायर, घराचा हप्ता, कुणाचा गुडघा, कुणाची सासू.

मागच्या हिवाळ्यात अशाच गप्पांत एक बाप म्हणाला, ‘‘आज दारू सोडून साठ दिवस झाले.’’ कुणी दचकलं नाही. एकाने विचारलं, कुठल्या क्लिनिकमध्ये जातोस? दुसरी म्हणाली, माझा भाऊही गोळी घेतो, पहिले दोन आठवडे मळमळलं, मग थांबलं. तिसऱ्याने एवढंच सुचवलं की मोठ्यांच्या सामन्यानंतर आपण बारमध्ये बसतो, त्याऐवजी नाश्त्याला जाऊ. लक्षात घ्या, इथे हौशी प्रौढांच्या हॉकीला लोक ‘बिअर लीग’ म्हणतात. नावातच बिअर आहे. त्या मंडळींनी हे सुचवावं! पाच मिनिटांत विषय संपला आणि बोलणं पुन्हा गोलकीपरवर गेलं.

हे लोक इतक्या सहज कसे बोलू शकतात, याचं एक कारण त्यांच्या खेळाडूंनी स्वतः तोंड उघडलं हे आहे. ओटावा सेनेटर्सचा बॉबी रायन नोव्हेंबर 2019 मध्ये संघ सोडून उपचाराला गेला. खेळाडूंच्या मदतीसाठी लीग आणि खेळाडूंची संघटना मिळून 1996 पासून एक कार्यक्रम चालवतात, त्यात तो दाखल झाला. एकट्याने, कुणाला न सांगता सोडण्याचे प्रयत्न करून झाले होते आणि ते फसले होते, हे त्याने पुढे उघडपणे सांगितलं. 27 फेब्रुवारी 2020 ला तो ओटावात घरच्या बर्फावर परतला आणि व्हँकुव्हरविरुद्ध त्याने तीन गोल केले. प्रेक्षक त्याच्या नावाचा घोष करत होते आणि तो बाकावर बसून रडत होता. त्या वर्षीचा मास्टरटन पुरस्कार त्याला मिळाला, तो चिकाटीसाठी दिला जातो. तीन गोल केले नसते तर लोकांनी काय केलं असतं, हा प्रश्न मला पडतो. पण लोक त्याच्या नावाने ओरडायला लागले ते तो परत आला म्हणून, हेही खरं.

आता धम्माकडे वळू. भगवंतांनी भिक्खूंना निरर्थक बोलण्यापासून सावध केलं आहे. अशा बोलण्याला पालीत ‘तिरच्छानकथा’ म्हणतात आणि सुत्तांमध्ये तिची लांबलचक यादी येते: राजांच्या गोष्टी, चोरांच्या, सैन्याच्या, खाण्यापिण्याच्या, वाहनांच्या, शूरवीरांच्या. हॉकीच्या गप्पा ‘शूरवीरांच्या’ खात्यात बसतील. त्याच यादीत ‘कुम्भट्ठानकथा’ आहे, म्हणजे पाणवठ्यावरच्या गप्पा. हा शब्द वाचला की मी थबकतो. आपल्या आज्या-पणज्यांना गावच्या पाणवठ्यावर उभंच राहू दिलं नाही, गप्पा तर दूरच. म्हणून पाणवठ्यावरचं बोलणं क्षुल्लक, असं आपण तरी पटकन म्हणू नये. भगवंतांची कसोटी साधी आहे: बोलणं दुःखाच्या निरोधाकडे नेतं की नाही? रिंकवरची ती पाच मिनिटं या कसोटीवर घासून पाहा.

आणि मग आपलं विहारातलं बोलणंही त्याच कसोटीवर घासू.

आपण दर रविवारी पाचही शीलं म्हणतो. पाचव्याला आवाज जरा चढतोच, कारण त्यामागे इतिहास आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. कित्येक घरांत त्या एका प्रतिज्ञेने चूल पेटती राहिली. ती प्रतिज्ञा सैल करावी, असं मी चुकूनही म्हणणार नाही. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला दारूचे सहा तोटे सांगितले: पैसा जातो, भांडणं वाढतात, रोग जडतात, अब्रू जाते, लाज सुटते, बुद्धी दुबळी होते. ‘थोडी घेतली तर काय बिघडतं’ म्हणणाऱ्यांनी या देशाचंही ऐकावं. कॅनडाच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कमी धोक्याची मर्यादा आठवड्याला फक्त दोन पेग आहे. तीन ते सहाला मध्यम धोका, सातपासून पुढे वाढत जाणारा. शून्य पिणं सगळ्यांत बरं, हेही त्यात आहे. विज्ञान पाचव्या शीलाच्या दिशेने चालत आलं आहे.

पण ज्याला व्यसन लागलेलंच आहे, त्याचं आपण काय करतो? एका मंडळात मी पाहिलेली गोष्ट सांगतो, मंडळाचं नाव नको. जयंतीच्या कार्यक्रमात एका भावाला मंचावर बोलावलं, बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर उभं केलं आणि ‘आजपासून सोडली’ असं वदवून घेतलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. तिसऱ्या आठवड्यात तो पुन्हा प्यायला लागला आणि त्यानंतर विहारात आलाच नाही. बायको-मुलंही यायची थांबली. एक माणूस सुधारायला गेलो आणि चार माणसं गमावली.

यात लाजेशिवाय आणखी एक धोका आहे, तो कमी लोकांना माहीत असतो. दारू मेंदूला मंद करते. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू तोल राखण्यासाठी स्वतःचा वेग वाढवून बसलेला असतो. दारू एकदम तोडली की नुसता वेग उरतो. पहिल्या दिवसातच हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, नसलेलं दिसू लागतं, ताप चढतो. उपचार नसतील तर यात माणूस दगावतो. म्हणजे जड पिणाऱ्या माणसाकडून ‘आत्ता, इथे, एका दमात’ अशी शपथ घेऊन त्याला घरी पाठवणं हे त्याच्या जिवाशी खेळणं होऊ शकतं. हेतू कितीही कुशल असो. अशा माणसाने डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडायची असते. तिथे आकडी टाळणारी औषधं देतात आणि ‘ब-1’ जीवनसत्त्व देतात, कारण पिणाऱ्याच्या शरीरात ते खालावलेलं असतं आणि त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

विनयात सागत थेरांची गोष्ट आहे. पाचव्या शीलाच्या प्रवचनात ती सांगितली जाते, पण बहुधा अर्धीच. सागत मोठे सामर्थ्यवान. अंबतित्थ येथे त्यांनी भयंकर नागाला वठणीवर आणलं आणि त्यांची कीर्ती कोसंबीपर्यंत पोहोचली. कोसंबीचे लोक भारावले: एवढ्या थोर पुरुषाला काय द्यावं? काही उनाड भिक्खूंनी सुचवलं, दारू द्या. मग काय, घरोघर उंची दारू तयार! सागत भिक्षेला निघाले, प्रत्येक घरी थोडी थोडी घेत गेले आणि नगराच्या वेशीत कोसळले.

इथे थांबा आणि पाजलं कुणी ते पाहा. पाजणारे शत्रू नव्हते, चाहते होते. आपल्याकडे लग्नात, हळदीच्या रात्री, नव्या घराच्या पार्टीत ‘अरे, एक तरी घे’ म्हणणारे असेच प्रेमळ असतात. पिणाऱ्याला शील आठवून देणारे आपण, पाजणाऱ्याला कधी मंचावर बोलावलं आहे?

पुढे भगवंत वेशीपाशी आले. त्यांनी भिक्खूंना सांगितलं, सागताला उचला. विहारात नेऊन भगवंतांकडे डोकं करून निजवलं, तर सागत नशेत फिरले आणि त्यांचे पाय भगवंतांकडे झाले. भगवंतांनी भिक्खूंना विचारलं, नागाला जिंकणारा हा आता साध्या पाणसापाशी तरी लढू शकेल का? भिक्खू म्हणाले, नाही. तेव्हा मद्यपानाचा नियम झाला.

बहुतेक प्रवचनं इथे संपतात. पण तो नियम कुठल्या वर्गात टाकला ते पाहा. संघातून कायमचं बाहेर काढणारे अपराध चार, त्यांना पाराजिक म्हणतात. मद्यपान त्यांत नाही. ते ‘पाचित्तिय’ आहे: दुसऱ्या भिक्खूजवळ जाऊन कबूल करायचं आणि पुन्हा संयम धरायचा. म्हणजे संघात राहूनच, आणि कुणाशी तरी बोलूनच. आणि सागत? ते पुढे अर्हत झाले. ‘तेजोधातू’त निपुण असणाऱ्या शिष्यांमध्ये भगवंतांनी त्यांचं नाव अग्रस्थानी घेतलं.

बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नियम आणि तत्त्व यांतला फरक समजावला आहे. नियम सांगितलं तसं करायला लावतो. तत्त्व माणसाला विचार करायला लावतं आणि जबाबदार बनवतं. पाचव्या शीलाला ‘सिक्खापद’ म्हणतात, म्हणजे शिकण्याची पायरी. शिकणारा घसरतो. घसरलेल्याला वर्गाबाहेर काढत नाहीत.

आपल्या गप्प बसण्यामागे आणखी एक गाठ आहे, ती उघडपणे बोललेली बरी. ‘ही माणसं पिणारीच’ हा शिक्का आपल्या वस्त्यांवर सवर्णांनी पिढ्यान्‌पिढ्या मारला. म्हणून घरात कुणी पीत असेल तर आपण दुप्पट झाकतो. एका माणसाचं व्यसन अख्ख्या समाजाच्या नावावर लिहिलं जाईल अशी भीती असते. कॅनडातल्या मूलनिवासी लोकांवरही हाच शिक्का आहे. जॉर्डिन टूटू हा एनएचएलमध्ये खेळलेला पहिला इनुक खेळाडू. 2002 मध्ये त्याच्या थोरल्या भावाने आत्महत्या केली. स्वतः जॉर्डिन डिसेंबर 2010 मध्ये उपचाराला गेला, दारू सोडली आणि आपल्या लोकांमध्ये जाऊन त्याबद्दल बोलू लागला. त्याने व्यसन लपवलं असतं तर शिक्का पुसला गेला नसता, पक्का झाला असता.

उपचारांबद्दल थोडं कामाचं सांगतो, कारण चहाच्या वेळी हेच विचारलं जातं. नालट्रेक्सोन ही गोळी पिण्यातली गोडी आणि ओढ कमी करते. अफूवर्गातली वेदनाशामकं घेणाऱ्याला ती चालत नाही. अ‍ॅकॅम्प्रोसेट सोडल्यानंतरची तगमग कमी करतं. मूत्रपिंडं तपासून देतात. तिसरं डायसल्फिराम, हे घेऊन दारू प्यायली की उलट्या होतात, छाती धडधडते. याबद्दल हात जोडून विनंती आहे. गावाकडून ही गोळी मागवून नवऱ्याच्या चहात किंवा भाजीत गुपचूप मिसळू नका. न सांगता दिलेली ही गोळी जीव घेऊ शकते, आणि विश्वास तर घेतेच. औषधासोबत समुपदेशन आणि मदतगट लागतात. 1986 साली पुण्यात अवचट दांपत्याने सुरू केलेलं मुक्तांगण आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. तिथेही उपचार माणसांच्या सोबतीने चालतो.

इथे ऑन्टारिओत ‘रॅम’ क्लिनिक आहेत, फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय जाता येतं. कनेक्स ऑन्टारिओचा फोन 1-866-531-2600 दिवसरात्र चालू असतो आणि मोफत आहे. अमेरिकेतल्या वाचकांसाठी 1-800-662-4357. व्हिसावर असलेल्या तरुणांना भीती वाटते की कंपनीला कळेल. उपचाराची माहिती क्लिनिक परस्पर मालकाला कळवत नाही.

आता एक ठरवूया. रविवारी वंदनेनंतर चहा असतोच. पुढच्या महिन्यापासून त्या चहाची अर्धी खोली माइकशिवाय, फोटोशिवाय ठेवू. ज्याला बोलायचं त्याने बोलावं; न सोडलेल्यानेही यावं, काल प्यायलेल्यानेही यावं. घरच्या बायांनीही यावं, कारण सगळ्यांत जास्त झाकून त्याच थकल्या आहेत. कुणी काही सांगितलं तर उपदेश करू नका. ‘कुठल्या डॉक्टरकडे जातोस, सोबत येऊ का’ एवढं विचारा. गाडी असेल तर म्हणा, मी सोडतो. मग खुशाल हॉकीवर बोला.

आणि यंदाच्या नववर्षाच्या स्नेहसंमेलनानंतर हॉलच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिकी उघडून जे काही चालतं, ते बंद करण्याची जबाबदारी कार्यकारिणीने घ्यावी, अशी माझी लेखी सूचना सचिवांकडे दिली आहे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!