त्याच अर्थाचा दुसरा शब्द

'अर्थ' नावाचा एक छोटा प्रोग्राम आहे. फुकट, ओपन सोर्स, लिनक्सवर आणि विंडोजवर चालणारा, इंटरनेट न लागणारा. कुठल्याही विंडोतला इंग्रजी शब्द सिलेक्ट करून कंट्रोल-ऑल्ट-डब्ल्यू दाबलं की त्याचे अर्थ, समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द समोर येतात. डॉक्युमेंट किंवा क्लायंटला मेल लिहिताना मी तो दिवसातून चार-पाच वेळा तरी उघडतो. शब्द शोधण्याचं काम क्षणात होतं. मात्र यादी समोर आल्यावर खरा प्रश्न सुरू होतो. यातला कुठला शब्द घ्यायचा, आणि का तोच?

या प्रोग्रामच्या पोटात वर्डनेट आहे. प्रिन्स्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या नेतृत्वाखाली १९८५च्या सुमारास हे काम सुरू झालं. त्यात शब्द अकारविल्हे लावलेले नाहीत, अर्थानुसार त्यांचे गट केलेले आहेत. दोन शब्द एका गटात कधी बसवायचे, याची त्यांनी केलेली व्याख्या फार नेटकी आहे. एखाद्या संदर्भात एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवला आणि वाक्याचा खरेखोटेपणा बदलला नाही, तर त्या संदर्भात ते दोन शब्द समानार्थी.

आम्हा प्रोग्रामर लोकांना ही व्याख्या लगेच पटते. कोडमधल्या व्हेरिएबलचं नाव सगळीकडे बदललं तरी प्रोग्राम तेच उत्तर देतो. कंपायलरला नावाशी देणंघेणं नसतं. नाव असतं ते उद्या कोड वाचणाऱ्या माणसासाठी.

आता हीच कसोटी मराठीला लावू. मेला, वारला, गेला, निवर्तला, देवाज्ञा झाली. घटना एकच, प्रत्येक वाक्य तितकंच खरं. तरी शेजारच्या आजोबांबद्दल 'मेले' म्हणून पाहा, घरातलं कोणीतरी तुमच्याकडे वळून बघेल. खरेखोटेपणा तोच राहिला, पण बोलणारा आजोबांना किती मानतो, ते कळलं.

इथवर हा शिष्टाचाराचा मामला वाटतो. पण गटारात उतरलेला सफाई कामगार विषारी वायूनं गुदमरतो, तेव्हा बातमीत काय लिहायचं? 'अपघाती मृत्यू' हे खोटं नाही. 'बळी गेला' हेही खोटं नाही. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं २०१३च्या कायद्यानं गुन्हा आहे. पहिला शब्द वाचून आपण 'अरेरे' म्हणतो आणि पुढची बातमी स्क्रोल करतो. दुसरा शब्द विचारायला लावतो, 'कोणी घेतला?' दोन शब्दांतला फरक एवढाच, की एकात जबाबदार माणसाची जागा रिकामी ठेवलेली दिसते आणि दुसऱ्यात ती जागाच नाहीशी होते.

आमच्या क्षेत्रात याचा रोजचा नमुना म्हणजे नोकरकपात. बोलीभाषेत 'नारळ दिला' म्हणतात, गिरणगावात 'कामावरून कमी केलं' म्हणत. या दोन्हींत देणारा, कमी करणारा कोणीतरी असतो. कंपन्यांच्या मेलमध्ये मात्र 'पुनर्रचना' होते, 'राइटसायझिंग' होतं. पाऊस पडावा तशी ती होते, कोणी करत नाही.

मग सौम्य शब्द वाईटच का? तसं नाही. 'आंधळा' सोडून 'अंध' किंवा 'दृष्टिहीन' म्हणण्यात दुसऱ्याला विनाकारण दुखवायचं नाही, एवढी साधी माणुसकी आहे. शब्द कठोर की मऊ, यापेक्षा तो मऊ केल्यानं कोणाचा त्रास कमी झाला, हे पाहायला हवं. ज्याच्याबद्दल बोलतोय त्याचा, की बोलणाऱ्याचा?

या प्रश्नाला आपल्याकडे जुना इतिहास आहे. अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द गांधीजींनी रूढ केला. वरवर पाहता याहून गोड शब्द कुठला? देवाची माणसं. पण १९३८ साली मुंबई विधानसभेत तो कायद्याच्या मसुद्यात आला, तेव्हा डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं हरकत घेतली, आणि ती फेटाळली गेल्यावर सभात्याग केला. ज्यांना नाव दिलं जात होतं, त्यांनाच ते नको होतं. दोन्ही शब्दांनी माणसं तीच दाखवली जात होती, वर्डनेटच्या कसोटीवर कदाचित ते एका गटात बसलेही असते. पण नाव ठेवायचा अधिकार कोणाचा, हा रकाना कुठल्याच कोशात नसतो.

अगदी अलीकडची गोष्ट. एप्रिल २०२३मध्ये महाराष्ट्राच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' हा शब्द वापरण्याचा प्रस्ताव मांडायला सांगितलं. टीका झाली, आणि असा निर्णय झालेला नाही असा खुलासा आला. हेतू सन्मानाचा असेलही. पण लग्नपत्रिकांवर 'गं. भा.' पिढ्यानपिढ्या छापलं जात होतं, आणि ते छापणाऱ्या घरांतही त्या बाईला हळदीकुंकवाला बोलवत नसत.

त्याच्या एक वर्ष आधी, मे २०२२मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला होता. नवऱ्याच्या मृत्यूनंतर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्यांनी नवा शब्द शोधला नाही. त्या शब्दासोबत बाईचं जे जे हिरावून घेतलं जायचं, त्याला हात घातला. नुसतं नाव बदलून आतलं वागणं तेच राहिलं, तर प्रोग्रामही तेच उत्तर देणार, हे कोड लिहिणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

हल्ली मेल लिहून झाला की 'जरा सौम्य करून दे' असं एआयला सांगायची सोय आहे. सोय उत्तम आहे, मीही ती वापरतो. पण ते एकच तयार वाक्य हातात देतं. कुठला शब्द गेला आणि त्याच्याबरोबर कोणाची जबाबदारी गेली, हे आपण मुद्दाम पाहिलं नाही तर दिसत नाही. 'अर्थ'सारखा जुन्या वळणाचा प्रोग्राम सगळे शब्द एका रांगेत उभे करून गप्प बसतो. निवडलेल्या शब्दाशेजारी नाकारलेलेही दिसत राहतात. म्हणून शब्द उचलण्याआधी मी त्या यादीवर एक नजर टाकतो, आणि ज्याच्याबद्दल लिहितोय तो माणूस इथे बसला असता, तर यातल्या कुठल्या शब्दावर त्यानं बोट ठेवलं असतं, असा विचार करतो.