पाठीवरची पिशवी आणि भरताच्या डोक्यावरच्या पादुका



आजचं वाचन: वाल्मीकि रामायण, अयोध्याकांड, सर्ग ११२ ते ११५. भरत चित्रकूटाहून रामाच्या पादुका घेऊन परत निघतो आणि नंदिग्रामात राहायला जातो, तो भाग.

ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण यंदा वाचताना डोक्यात एक वेगळाच प्रश्न होता, आणि तो माझ्या भाच्याचा होता. पोरगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नवरात्रात कुडव्याहून मित्रांबरोबर डोंगरगडला बम्लेश्वरीच्या दर्शनाला जायचं ठरलं. त्यासाठी त्यानं पाठीवर अडकवायची नाडीची पिशवी घेतली, खास जोडे ठेवायला. पायथ्याशी जोडे काढायचे, पिशवीत टाकायचे, नाडी ओढायची, पिशवी पाठीवर. दोन्ही हात मोकळे, हजारावर पायऱ्या चढायला तयार. घरातल्या एका मोठ्या माणसानं टोकलं, "देवीकडे चालला आणि जोडे पाठीवर घेऊन? तेवढाही भरवसा नाही का तिच्यावर?"

भाच्यानं मला विचारलं, "मामा, यात चुकीचं काय आहे?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात दोन आक्षेप एकत्र आलेत. एक, जोडा म्हणजे अपवित्र वस्तू, ती अंगावर घेऊन देवासमोर कसं जायचं? दोन, जोडा सांभाळत बसणं म्हणजे श्रद्धा कमी. दोन्ही नीट तपासून बघू.

आधी व्यवहार. मोठ्या देवस्थानात बहुतेक वेळा आपण एका दारानं आत जातो आणि दुसऱ्याच दारानं बाहेर पडतो. चपला राहतात पहिल्या दाराशी. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी बारा वाजता तापलेल्या फरशीवरून पहिल्या दारापर्यंत अनवाणी परत चालत जाणं काय असतं, हे आपल्याकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. मक्केला जाणारे यात्रेकरूही याच कारणानं चपला खांद्याच्या छोट्या पिशवीत घेऊन फिरतात. तिथेही दारं पुष्कळ, आणि गर्दी कोणत्या दारानं बाहेर काढेल याचा नेम नाही. म्हणजे ही पिशवी काही आळशी शहरी पोरांची फॅशन नाही. जिथे जोडा काढायची रीत आहे आणि गर्दी आहे, तिथे ती आपोआप जन्माला येते.

आणि मनाचाही व्यवहार आहेच. शरीर गाभाऱ्यात आणि मन चपलांच्या ढिगात, हा अनुभव कोणाला नाही? हात जोडलेले असतात आणि आत हिशोब चाललेला असतो: नवीन आहेत, कोपऱ्यात ठेवल्या होत्या ना? चपला गेल्याच तर "जाऊ दे, पीडा गेली" म्हणायची आपली पद्धत आहे. मन सावरायला ती चांगली आहे. पण जी काळजी पिशवीत टाकून मिटते, ती उगाच मनात घेऊन उभं राहण्यात कसली आलीय भक्ती? पिशवीमुळे मन मोकळं होत असेल तर पिशवी दर्शनाच्या आड येत नाही.

आता पहिला आक्षेप, अपवित्रतेचा. आपल्याकडे म्हण आहे, पायातली वहाण पायातच बरी. ही म्हण चपलेबद्दल क्वचितच वापरतात. ती वापरतात माणसांबद्दल. सुनेबद्दल, गड्याबद्दल, ज्याला "त्याची जागा" दाखवायची असते त्याच्याबद्दल. कुणाला शेवटच्या पायरीवर उतरवायचं असेल तर आपण जोड्याचं नाव घेतो.

आणि त्याच मराठी माणसाचं दैवत काय? नृसिंहवाडीला मनोहर पादुका. गाणगापूरला निर्गुण पादुका. आळंदी आणि देहूहून पालख्या निघतात, त्यांत मूर्ती नसते, पादुका असतात. जुनी सांप्रदायिक मंडळी सांगतात की पालखी सुरू होण्याआधी ज्ञानोबांच्या पादुका गळ्यात बांधून दिंडीबरोबर पंढरपूरला नेत. पुढे १६८५ साली तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी पालखीची प्रथा घातली. म्हणजे पालखी येण्याआधी पादुका वाहायला होता तो माणूसच. पादुका अंगावर घेऊन चालायचं, उन्हात, पावसात, चिखलात. २०२० साली करोनामुळे पायी वारी थांबली, तेव्हाही पादुका थांबल्या नाहीत. एसटीच्या बसनं, मांडीवर सांभाळत त्या पंढरपूरला नेल्या. माणसांची गर्दी टाळता आली, पण पादुका पोचल्या नाहीत तर वारी झाली असं कोणी म्हटलं नसतं.

तेव्हा "जोडा अंगावर घेणं" हे आपल्या परंपरेला नवीनही नाही आणि कमीपणाचंही नाही. तुम्ही म्हणाल, पादुका वेगळ्या, स्पोर्ट्स शूज वेगळे. बरोबर आहे. पण वेगळेपण कशात आहे? वस्तूत नाही. ते कोणाचे आहेत आणि आपण ते कशासाठी उचललेत, त्यात आहे. इथेच भरत उपयोगी पडतो.

वाल्मीकि काय सांगतात बघा. भरत सोन्यानं मढवलेल्या पादुका रामापुढे ठेवतो आणि त्यांवर पाय ठेवायची विनंती करतो. राम पाय ठेवतो, काढतो आणि पादुका भरताला देतो. भरत त्या आधी राजहत्तीच्या मस्तकावर ठेवतो, मग स्वतःच्या डोक्यावर घेऊन रथात बसतो. अयोध्येच्या सिंहासनाजवळही तो राहत नाही. शहराबाहेर नंदिग्रामात जटा आणि वल्कलं धारण करून राहतो. पादुकांवर छत्र धरतो. राज्याचा कोणताही कारभार आधी त्यांच्यापुढे सांगतो, मग करतो. आणि या राज्याला तो ठेव म्हणतो. भावाची आपल्याकडे दिलेली ठेव.

आपल्या कामाच्या भाषेत सांगायचं तर भरताकडे सगळ्या सिस्टिमचा ॲडमिन ॲक्सेस होता. पासवर्ड त्याच्याकडे, सर्व्हर त्याच्याकडे, विचारणारं कोणी नाही. चौदा वर्षांत त्यानं फक्त एक गोष्ट केली नाही. मालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव टाकलं नाही.

शेवट युद्धकांडात आहे. राम परत येतो तेव्हा भरत त्याच पादुका डोक्यावर घेऊन सामोरा जातो आणि स्वतःच्या हातांनी रामाच्या पायांत घालतो. मग हिशोब देतो. खजिना, कोठार, नगर, सैन्य, सगळं बघून घ्या, तुमच्या प्रतापानं दसपट झालंय. सांभाळणं म्हणजे काय, ते इथे कळतं. वस्तू नुसती जपून ठेवली नाही, वाढवली. श्रेय घेतलं नाही. आणि वेळ आली तेव्हा जिथली होती तिथे, पायांत, परत दिली. पायातली वहाण पायात पोचली खरी, पण मधली चौदा वर्षं ती एका राजपुत्राच्या डोक्यावर होती.

म्हणजे सांभाळणं हे श्रद्धेच्या विरुद्ध नाही. भरताइतकं काळजीनं जोडे कोणी सांभाळले असतील? त्याच्या श्रद्धेवर कोण बोट ठेवेल? दुसरा आक्षेप इथे संपतो.

पण मला खरा प्रश्न तिसराच वाटतो, आणि तो भाच्याच्या घरी कोणी विचारला नाही. तुम्ही जोडे पाठीवर घेतले नाहीत, तर ते सांभाळतं कोण?

या प्रश्नाचा आपल्याकडचा इतिहास फार सुखाचा नाही. ज्या जातींनी चामडं कमावलं, जोडे शिवले, मेलेली गुरं ओढली, त्यांना आपण देवळाच्या बाहेर ठेवलं. जिथे चपला काढायच्या तिथेच त्यांना थांबवलं. चोखोबांना आयुष्यभर विठ्ठलाच्या दाराबाहेर उभं राहावं लागलं, आणि आजही त्यांची समाधी महाद्वाराशी आहे. संत रोहिदास हातात आरी घेऊन भक्ती करत राहिले, आणि त्यांना संत म्हणणाऱ्या समाजानं त्यांच्या बांधवांना मात्र शिवून घेतलं नाही. पंढरपूरचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावं लागलं. देश स्वतंत्र व्हायला तीन महिने उरले होते, आणि विठ्ठलाच्या दर्शनासाठी एका माणसाला जीव पणाला लावावा लागत होता.

हे आज का आठवायचं? कारण "जोडा अपवित्र" हे वाक्य कधीच फक्त जोड्यापाशी थांबलं नाही. ते जोडा शिवणाऱ्याच्या हातापर्यंत गेलं, उचलणाऱ्याच्या हातापर्यंत गेलं. आपण ते वाक्य आजही सहज बोलतो, तेव्हा ते कुठवर जातं हे बघायला हवं.

याच्या उलट चित्रंही आपल्याच राज्यात आहेत. आपल्या गोंदियाहून सुटणाऱ्या महाराष्ट्र एक्स्प्रेसनं शेगावला उतरा. गजानन महाराजांच्या संस्थानात सेवेकरी तुमच्या चपला हातात घेतात. तुम्ही कोण, चप्पल किती चिखलाची, काही विचारत नाहीत. नांदेडला हजूर साहिब गुरुद्वारात जा. तिथे जोडाघर असतं. जोडे सांभाळणं ही शीख परंपरेत हलकी नोकरी नाही, मागून घ्यायची सेवा आहे. घरी चार नोकर असलेला माणूसही तिथे अनोळखी लोकांचे जोडे पुसताना दिसतो. अहंकार घालवायचा तर सुरुवात दुसऱ्याच्या जोड्यापासून करा, असा त्यामागचा सरळ विचार आहे. भरतानं पादुका डोक्यावर घेतल्या त्याच्यापासून हे फार लांब नाही.

आता भाच्याला काय उत्तर द्यायचं? मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या.

एक. पिशवी घे, बिनधास्त घे. आपलं ओझं आपण उचलण्यात देवाचा अपमान नाही. उलट देवळाच्या दारात चपलांचा ढीग करून लोकांच्या पायात आडवं येण्यापेक्षा हे बरं. फक्त त्या देवस्थानाचा नियम पाळ. कुठे पिशवी आत चालत नाही, कुठे चामडं चालत नाही. तिथे "माझं लॉजिक बरोबर आहे" म्हणून पहारेकऱ्याशी वाद घालायचा नाही, मुकाट्यानं बाहेर ठेवायची. जोडे तळव्याला तळवा लावून ठेव, म्हणजे रांगेत पुढच्या-मागच्याला चिखल लागणार नाही.

दोन. पिशवी घेऊनही मन जोड्यातच राहिलं, दर दहा पायऱ्यांना हात मागे जाऊन चाचपत राहिला, तर मात्र घरच्यांचं टोकणं खरं ठरेल. भरतानं पादुका सांभाळल्या, पण चौदा वर्षं त्याची नजर पादुकांच्या पलीकडे, रामाच्या वाटेकडे होती. वस्तू सांभाळ, वस्तूत अडकू नकोस.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. थोडी मोठी पिशवी घे. पायऱ्या चढताना एखाद्या आजी भेटतील, एका हातात नारळाची थैली, दुसऱ्या हातात चपला, आणि कठडा धरायला हातच नाही. एखादे काकाजी गुडघ्यावर हात ठेवून थांबलेले दिसतील. त्यांना म्हण, "काकाजी, द्या तुमच्या चपला माझ्या पिशवीत. वर पोचलो की देतो." तेवढा वेळ तुझ्याकडे कोणाची तरी ठेव असेल. वर पोचल्यावर ती परत करायची, शक्य झालं तर वाकून पायाशी ठेवायची. बास. नंदिग्राम याहून काय वेगळं होतं?

तिसऱ्या गोष्टीवर तो जरा थांबला. म्हणाला, "अनोळखी माणसाच्या घामाच्या चपला, मामा?" मी म्हटलं, हो, त्याच. आपल्या आवडत्या माणसाच्या पादुका डोक्यावर घेणं सोपं आहे असं मी म्हणत नाही, पण त्यात प्रेम मदतीला असतं. अनोळखी माणसाच्या चपला उचलताना फक्त एकच गोष्ट मदतीला असते: त्याच्यातही तोच आहे, हे आपण रोज जे म्हणतो ते खरं आहे का, याची परीक्षा. ती परीक्षा पारायणात होत नाही, पायऱ्यांवर होते.

आजचं चिंतन एवढंच. माझ्याकडे जे आहे, नोकरी, घर, शिक्षण, अंगातली ताकद, ते मी मालक म्हणून धरलंय की ठेव म्हणून? आणि माझं जे ओझं मी उचलत नाही, ते कोण उचलतंय, त्याचं नाव तरी मला माहीत आहे का?

आजचा संकल्प: पुढच्या वेळी देवळात जाल तेव्हा स्वतःच्या जोडीला आणखी एका जोडीची जागा ठेवा. आणि चपला सांभाळणाऱ्या माणसाला टोकन परत देताना नुसतं टोकन देऊ नका, नजर वर करून "राम कृष्ण हरी" म्हणा.

उद्याचं वाचन: राम चित्रकूट सोडून अत्रि-अनसूयेच्या आश्रमात जातो, तो भाग.

राम कृष्ण हरी!