माल कुठल्या गावचा?

मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात ते उगीच नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशनचं रुग्णालय काढलं. तेव्हापासून सातारा, कोल्हापूर, बेळगावकडचा आजारी माणूस मिरजेचं तिकीट काढत आला आहे. तिथल्याच एका कॅज्युअल्टीत ही गोष्ट घडली असं समजा.

त्या रात्री आधी आला तो सांगलीतल्या एका हळदीच्या अडत्याचा मुलगा. वय २४, पोलीस भरतीच्या तयारीत. छातीत कळ येते म्हणून घरच्यांनी सकाळीच बाहेरून रक्त तपासून आणलं होतं. कोरोनानं डी-डायमर हा रक्तगाठीच्या तपासणीचा शब्द घराघरांत पोचवला, तो अजून मुक्कामाला आहे. मर्यादा ५००, आकडा ६२०.

"फुफ्फुसात रक्ताची गाठ हाय. सीटी करा, पैशाकडं बघू नका," अडते म्हणाले. शिकाऊ डॉक्टरनं फॉर्म भरायला घेतलाही.

कोपऱ्यातल्या खाटेवर कोरेगाव तालुक्यातली एक आजी होती. वय ६८. उजव्या खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेले. मुलगा कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला, त्यानं तिला आपल्याकडं आणलं होतं. त्याच्या हातात पिशवीभर कागद. ईसीजीत काही नाही, एक्सरे साफ. "अशक्तपणा आहे म्हणाले. सलाईन लावून सोडा, सकाळी माझी पहिली पाळी आहे."

रात्रपाळीच्या मॅडम आल्या. पिशवी बाजूला ठेवून स्टूल ओढून बसल्या.

"आजी, काय होतंय?"

"काय न्हाय गं पोरी. चार पावलं टाकली की धाप लागती. कालपास्नं."

नाडी ११२.

"पाय दुखतोय का?"

"डावा दुखतोय की, दोन दिस झालं. पन हाड मोडलं उजव्या अंगाचं. मग डाव्याचं कुनाला काय सांगायचं?"

मॅडमनी लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली खूण केली आणि तिथं टेप गुंडाळली. उजवी पोटरी ३१, डावी ३५. पोटरीत बोट दाबलं तशी आजी कळवळली.

"तो फॉर्म आण इकडं," मॅडम शिकाऊ डॉक्टरला म्हणाल्या. "नाव बदल. आणि सीटी व्हायच्या आधी लिहून ठेव, गाठीची शक्यता किती."

त्यानं वेल्स यांचा तक्ता आठवला. कॅनडातल्या या डॉक्टरांनी नेमके हेच प्रश्न गुणांत मांडले आहेत. पायाच्या शिरेत गाठ झाल्याची लक्षणं, ३. नाडी १०० च्या वर, दीड. चार आठवड्यांतलं ऑपरेशन, दीड. झाले ६. चारच्या वर गेलं की संशय पक्का धरायचा. दुसरा कुठलाही आजार याहून जास्त जुळत नव्हता, त्याचे आणखी ३.

"नऊ, मॅडम. हिचाही डी-डायमर पाठवू?"

"ऑपरेशननंतर तो तसाही वाढतो. आणि समज कमी आला, तर नऊ गुणांच्या आजीला घरी सोडशील?"

त्यानं रक्ताची बाटली परत ठेवली. हाडाच्या सर्जनना फोन झाला, रक्तस्रावाचा धोका विचारून घेतला आणि सीटीची वाट न बघता गाठ वाढू न देणारं हेपॅरिन सुरू झालं. तासाभरानं रिपोर्ट आला. दोन्ही फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांत गाठी.

इकडं अडते तापले होते. "आमचा नंबर आधी होता!"

मॅडम त्यांच्याकडं वळल्या. "शेठ, हळकुंड मोडून बघण्याआधी तुम्ही काय विचारता?"

"माल कुठल्या गावचा, ते."

"का?"

"गाव कळलं की निम्मा अंदाज येतो. मोडायचं ते खात्रीला."

मग मॅडमनी मुलाचं गाव विचारलं, म्हणजे बाकी सगळं. खोकल्यातून रक्त नाही, पाय सारखे, ऑपरेशन नाही, लांबचा प्रवास नाही, नाडी ७८, ऑक्सिजन ९९. काल दंड मात्र नेहमीच्या दुप्पट मारलेले. बरगडी छातीच्या हाडाला मिळते तिथं त्यांनी अंगठा दाबला. "तिथंच! तिथंच!" पोरगं ओरडलं.

"याला आधी तपासलं असतं तर ही रक्ततपासणी लागलीच नसती," मॅडम म्हणाल्या. "आता आकडा आलाच आहे, तर लक्षणं अशी कोरी असताना हजारापर्यंत सीटी लागत नाही. चार दिवस दंड बंद, दुखलं तर गोळी. दम लागला, पाय सुजला तर लगेच परत या." नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये हा हजाराचा नियम हजारो रुग्णांवर पारखून मांडला. सीटीचे किरण आणि शिरेतून जाणारं औषध या वयात उगीच कशाला घ्यायचं, हा हिशेब त्यामागं आहेच.

अडत्यांनी रिपोर्टची घडी घातली. "त्या लॅबवाल्यानं एवढं तरी विचारायचं, कशासाठी काढताय म्हणून!"

"त्यानं विचारलं होतं," मुलगा म्हणाला. "तुम्हीच म्हणालात, जे जे असंल ते सगळं काढ."