फेस येतो तो कशाचा?

मोरीतल्या शहाबादी फरशीवर ॲसिड ओतलं की चर्र आवाज होतो आणि पांढरा फेस वर येतो. "बघा, कसा मळ निघतोय!" असं आमच्याकडे दर दिवाळीच्या साफसफाईत म्हटलं जायचं. शहाबादी हा चुनखडीचा दगड. आम्ल पडलं की तो विरघळतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि फेस येतो तो त्याचा. दरवर्षी आम्ही फरशीच थोडी थोडी विरघळवत होतो.

ॲसिडचं काम म्हणजे नळावर, भांड्यावर बसलेला बोअरच्या पाण्याचा पांढरा थर काढणं. ब्लीचचं काम वेगळं, डाग उडवणं आणि जंतू मारणं. आपापल्या जागी दोन्ही गुणाची. घोटाळा होतो तो 'दोन्ही टाकली तर दुप्पट स्वच्छ' या हिशेबाने. ब्लीचमधलं सोडियम हायपोक्लोराइट आणि बाथरूमचं हायड्रोक्लोरिक ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने सोडला होता तो हाच वायू. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत साचतो, म्हणजे नेमका उकिडवं बसून फरशी घासणाऱ्याच्या नाकातोंडाशी. एवढं करून सफाईही धड होत नाही, कारण ब्लीचचा जोर वायूबरोबर उडून जातो आणि ॲसिडही त्यातच खर्ची पडतं.

बऱ्याच घरांत उकिडवं बसून घासणाऱ्या त्या मावशी असतात. बाटलीवरचा मुंगीएवढा मजकूर वाचायला त्यांना सवड कुठली? पदर नाकाला लावून त्या घासत राहतात, खोकत राहतात, आणि आपण बाहेरून विचारतो, "झालं का हो?" मीही असं विचारलेलं आहे. ते आठवलं की आज लाज वाटते.

उद्या मावशी आल्या की दोन्ही बाटल्या त्यांच्यासमोर ठेवा आणि नीट सांगा. एका दिवशी एकच बाटली वापरायची, नंतर भरपूर पाणी ओतायचं, खिडकी आणि दार सताड उघडं ठेवायचं. हातमोजे आपणच आणून द्यायचे. कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत ॲसिड भरून ठेवलं असेल, तर ती आजच मोरीतून हलवा, पोरं तहानेला ओळखीची बाटली तोंडाला लावतात. आणि डोळे चुरचुरले, घशाला ठसका लागला, तर काम तसंच टाकून आधी मोकळ्या हवेत यायचं, हेही मावशींना सांगून ठेवा.