वाढदिवस कोणाचा?

चर्चच्या कचेरीत बसणाऱ्या धर्मगुरूला एक अनुभव अधूनमधून येत असतो. सत्तरी ओलांडलेली एखादी माउली कुठल्याशा सरकारी कागदासाठी आपली जन्मतारीख शोधत येते. तारीख तिला ठाऊक नसते. मग आम्ही कपाटातील स्नानसंस्काराची जुनी नोंदवही काढतो, एकेका ओळीवरून बोट फिरवतो आणि पिवळ्या पडलेल्या पानावर तिचे नाव सापडते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस अशीच एक आजी आली होती. “पाऊस तोंडावर आला होता तेव्हा तू झालीस, एवढंच आई सांगायची,” असे ती म्हणाली. नोंद सापडली. तारीख ऐकून ती क्षणभर गप्प राहिली आणि मग लहान मुलीसारखी हसून म्हणाली, “म्हणजे फादर, येत्या गुरुवारी माझा वाढदिवस आहे!”

त्याच आठवड्यात, त्याच टेबलापाशी एक तरुण बाप येऊन बसला. त्याची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडा बदलून सांगतो. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात तो नोकरीला आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याने धाकट्या मुलीचा पहिला वाढदिवस हॉल घेऊन साजरा केला होता. तीनशे माणसांचे जेवण, फुग्यांची कमान, रंगीत दिवे, कर्णे, तीन मजली केक आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला परतीची भेट. आम्हीही आशीर्वाद द्यायला गेलो होतो. आवाजाला घाबरून बाळ सारखे रडत होते. केक कापण्याची वेळ आली तेव्हा ते आजीच्या खांद्यावर झोपी गेले होते. आता शाळा उघडण्याची वेळ आली होती, थोरल्या मुलाची फी भरायची होती आणि पगारातून कर्जाचा हप्ता वजा जाता हाती फारसे काही उरत नव्हते. एवढा खर्च का केला, असे आम्ही विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, “शेजारच्यांनी केला होता, फादर. आम्ही नसता केला तर लोक काय म्हणाले असते?”

हा माणूस उधळ्या नाही, व्यसनी नाही. मुलीवर त्याचा जीव आहे. मग चुकले कुठे? मुलाच्या वाढदिवसाला किती खर्च करावा, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा वाटतो. आम्हांला मात्र वाटते की त्याच्या आधी दुसरा प्रश्न विचारला पाहिजे : हा वाढदिवस नेमका कोणाचा आहे?

पवित्र शास्त्रात वाढदिवसाच्या दोन मेजवान्या ठळकपणे येतात आणि दोन्हींचा शेवट मृत्यूत होतो. उत्पत्तीच्या पुस्तकात फारो राजाच्या वाढदिवशी त्याच्या आचाऱ्यांच्या नायकाला फासावर चढविले जाते; शुभवर्तमानात हेरोदाच्या वाढदिवशी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर तबकातून आणले जाते. योहानाला मारावे असे त्या घटकेला हेरोदाच्या मनात नव्हते. उलट, त्याला वाईट वाटले असे मार्क नमूद करतो. तरीही त्याने हुकूम दिला तो वाहिलेल्या शपथेमुळे आणि पंक्तीला बसलेल्या पाहुण्यांमुळे. पाहुण्यांदेखत आपला शब्द खाली पडू नये, एवढ्यासाठी एका नीतिमान माणसाचा जीव गेला. आपल्या घरच्या समारंभात कोणाचा जीव जात नाही हे खरे. पण पाहुण्यांच्या नजरेला भिऊन, मनाला पटत नसलेली गोष्ट करण्याचा मोह तोच आहे.

प्रारंभीच्या ख्रिस्तसभेत वाढदिवसाविषयी काहीसा दुरावाच होता. तिसऱ्या शतकातील ओरिजन या पंडिताने तर असे मत मांडले की शास्त्रात स्वतःच्या जन्मदिवसाची मेजवानी पापी माणसेच करतात, संत नव्हेत. आजही उपासनेच्या दिनदर्शिकेत जन्माचे सोहळे तीनच : २४ जूनला योहानाचा, ८ सप्टेंबरला पवित्र मरियेचा आणि २५ डिसेंबरला प्रभूचा. इतर संतांचा साधारणतः मृत्युदिन हाच त्यांचा स्वर्गातील जन्मदिन मानला जातो. आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचा सण आपण फेब्रुवारीत करतो, तो ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांनी क्रुसावर पत्करलेल्या हौतात्म्याच्या स्मरणार्थ.

म्हणून मुलांचे वाढदिवस करूच नयेत काय? तसे म्हणण्यास आमची जीभ धजत नाही. प्रभूच्या पहिल्या चमत्काराचे निमित्त काना गावच्या लग्नाची मेजवानी हे होते. तिथे द्राक्षारस संपला तेव्हा प्रभूने काटकसरीवर प्रवचन दिले नाही. रांजण भरून दिले. बेथानीत मरियेने प्रभूच्या चरणांवर मौल्यवान सुगंधी तेल ओतले. त्याची किंमत तीनशे दिनार, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. हा पैसा गरिबांना का दिला नाही, असे विचारणारा यहूदा होता. समारंभातील खर्चावर बोट ठेवताना आम्हां उपदेशकांना ही गोष्ट आठवली पाहिजे. ज्याने आयुष्यभर पोटाला चिमटा घेतला, त्याला एक दिवस तरी लेकरासाठी हात सैल सोडावासा वाटला, तर त्या इच्छेत प्रेमच आहे.

मग हेरोदाची पंगत आणि बेथानीचे तेल यांत फरक कोणता? आम्हांला दिसतो तो असा. मरियेने जे केले ते ज्याच्यावर प्रेम केले त्याच्यासाठी केले. पाहणारे काय म्हणतील याची तिला पर्वा नव्हती आणि त्यांनी नावे ठेवलीच. हेरोदाने जे केले ते पाहणाऱ्यांसाठी केले. खर्चाचा आकडा नंतर येतो. खर्चाचे तोंड कोणाकडे आहे हे आधी पाहावे लागते.

सेमिनरीत असताना आम्ही ॲरिस्टॉटलचे नीतिशास्त्र शिकलो. मोठ्या कार्यासाठी मोठा खर्च योग्य रीतीने करणे हा त्याच्या मते सद्गुण आहे. पण नित्याच्या स्नेहभोजनाला लग्नाच्या मेजवानीचा थाट करणाऱ्याला तो अभिरुचिहीन ठरवितो. कारण तो माणूस शोभेसाठी नव्हे, संपत्ती दाखविण्यासाठी खर्च करतो. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार पुढे नेला. पण त्याच वेळी असेही सांगितले की स्वतः खेळीमेळीत न रमणारा आणि इतरांच्या आनंदावर विरजण घालणारा माणूसही चुकतो. तेव्हा कंजुषीला नीतीचे नाव देऊन आपली सुटका नाही. मुलाला आनंद देणे हे कर्तव्यच आहे; प्रश्न मापाचा आहे.

या मापाची आणखी एक बाजू आहे. आपला खर्च आपल्या उंबऱ्याच्या आत राहत नाही. एका घराने हॉल घेतला की वाडीत तो दर ठरतो. परतीची भेट घेऊन घरी गेलेले शेजारचे मूल आईला विचारते, “माझ्या वाढदिवसाला आपण काय देणार?” त्या आईच्या घरी कदाचित औषधाची चिठ्ठी पडून असते. आपण दिलेल्या भेटीचे तिच्यावर ओझे होते.

इतरांना बोलण्यापूर्वी स्वतःचेही सांगितले पाहिजे. आमच्या गुरुदीक्षेच्या रौप्यमहोत्सवाला धर्मग्रामाने वर्गणी काढली, मांडव घातला, मोठे जेवण केले. आम्ही ‘नको’ म्हटले होते. पण जोराने म्हटले नव्हते. पुढे कित्येक महिन्यांनी कळले की त्या वर्गणीसाठी एका विधवा बाईने शेजारणीकडून पैसे उसने घेतले होते. त्या दिवशी गळ्यात पडलेल्या हारांचे वजन तेव्हा कळले.

कर्ज काय असते हे वसईला नव्याने शिकविण्याची गरज नाही. १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक उभी राहिली, ती आपल्या शेतकऱ्यांना सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून. आजोबांनी बियाण्यासाठी, विहिरीसाठी कर्ज काढले. नातवांनी ते फुग्यांच्या कमानीसाठी काढावे काय?

२०२० सालच्या टाळेबंदीत पुष्कळ घरांत वाढदिवस घरच्या माणसांतच झाले. आईने कढईत नाहीतर कुकरमध्ये केक केला, बापाने मेणबत्ती लावली, आजी-आजोबांनी फोनवरून गाणे म्हटले. ती सक्ती होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण मुलांचे काही अडले नाही, हेही आपण पाहिले.

आता थोडे व्यवहाराचे. आधी पाहुणे ठरवून मग पैसा शोधण्यापेक्षा, आधी रक्कम ठरवून ती कागदावर लिहावी. मूल सहा-सात वर्षांचे असेल तर त्यालाही बरोबर घेऊन बसावे. एक गोष्ट त्याच्या मनासारखी नक्की करावी. तेवढीच त्याला हवी असते. दुपारी चार ते सहा ही वेळ ठेवली की जेवणावळ टळते. वडे, घरचा केक, लिंबाचे सरबत, वाडीतली केळी आणि आगाशीकडची सुकेळी मिळाली तर दुधात साखर. अंगण असेल तर अंगण, नसेल तर इमारतीची गच्ची. लगोरी, लंगडी, संगीतखुर्ची यांना भाडे पडत नाही. नाताळचा गोठा आणि तारा करणाऱ्या हातांना कागदी पताका जड नाहीत. ज्या घरून परत बोलावणे येण्याची शक्यता नाही, अशा एखाद्या मुलाला आवर्जून बोलवावे. प्रभूने मेजवानीविषयी दिलेला सल्लाही असाच होता. वाढदिवसाचे गाणेसुद्धा मुळात साधेच आहे. १८९३ साली प्रसिद्ध झालेली त्याची चाल अमेरिकेतील पॅटी आणि मिल्ड्रेड हिल या बहिणींनी बालवाडीतल्या मुलांना सहज गाता यावी म्हणून तयार केली होती.

आणि एक गोष्ट विसरू नये. धर्मपिता-धर्ममातेला बोलवावे, दिवा लावून छोटी प्रार्थना करावी आणि मुलाला त्याच्या जन्माची हकिकत सांगावी : त्या रात्री कोण धावत गेले, कोणती गाडी चुकली, तुला प्रथम कोणी हातात घेतले, हेच नाव का ठेवले. मूल ही आपली कमाई नव्हे, आपल्याला मिळालेले दान आहे. आणि दानाची आठवण ते कसे मिळाले हे सांगूनच होते. ही हकिकत मूल दरवर्षी मागेल.

त्या आजीकडे तरी दुसरे काय होते? केक नव्हता, तारीखही नव्हती. आईने सांगितलेले एक वाक्य होते आणि ते तिने सत्तर वर्षे जपले होते. त्या गुरुवारी सकाळच्या मिस्सानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांनी तिच्यासाठी गाणे म्हटले. तिने पदराखालून केळ्यांची फणी काढली, एकेक केळे मुलांच्या हातावर ठेवले आणि सांगू लागली, “मी झाले ना, तेव्हा पाऊस तोंडावर आला होता...”